गोधडी आणि नाव-भरतकामासाठी मशीन : एका बचत गटाच्या खरेदीचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला आठ जणींचा बचत गट. काम गोधड्यांचं. सुरुवातीला सगळ्या हाताने धावदोरा घालून व्हायच्या, पण मागणी दोन टोकांना वाढली. एकीकडे लहान बाळांची दुपटी, 36 बाय 45 इंचांची, कोपऱ्यात बाळाचं नाव भरलेलं. बारशाच्या आहेरासाठी ही महिन्याला तीसेक जायला लागली. दुसरीकडे पुण्यामुंबईहून आणि परदेशातूनही येणारी आठवणींची कामं: आजीच्या किंवा आईच्या साड्या पाठवायच्या आणि त्यांची 90 बाय 100 इंचांची डबल बेडची गोधडी करून घ्यायची. गटाकडे दोन काळी पायमशीनं होती. कर्ज आणि बचत मिळून हातात 1 लाख 30 हजार रुपये. एका खोलीत, 10 बाय 12 फुटांत, काय घ्यायचं हा प्रश्न.

शहरातल्या दुकानदाराने उत्तर तयारच ठेवलं होतं. "ताई, हे एकच घ्या, शिलाई पण होते आणि एम्ब्रॉयडरी पण." मशीन कॉम्प्युटराइज्ड, शेकडो टाके, वर टचस्क्रीन. किंमत जवळजवळ सगळी रक्कम खाणारी. मशीन वाईट नव्हतं, पण या गटाच्या कामाला ते दोन्ही बाजूंनी अपुरं पडणार होतं, आणि ते दुकानात कागदाच्या घडीएवढ्या कापडावर टाका घालून कळत नाही.

पहिलं गणित वेळेचं. एक नाव साधारण साडेचार हजार टाक्यांचं होतं. सोबत छोटं मोर-पोपटाचं चित्र असेल तर बारा हजारांपर्यंत जातं. घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन जुन्या किंवा नाजूक कापडावर मिनिटाला 400 टाक्यांनी चालवावं. बारा हजार टाके म्हणजे तीस मिनिटं, त्यात रंग बदलणं, दोरा तुटणं, हूप (कापड ताणून धरणारी चौकट) चढवणं-उतरवणं धरलं की चाळीस. सगळी चित्रासकट धरली तर महिन्याला तीस दुपट्यांचे वीस तास. तेवढे तास त्याच मशीनवर गोधडी शिवता येणार नाही. एकाच मशीनमध्ये दोन्ही सोयी असल्या तरी मशीन एकच, त्यामुळे भरतकाम चालू असताना बाकीच्या जणी हात बांधून बसणार. घरी हौसेने करणाऱ्या बाईला हे चालतं. गटाला नाही.

मग गोधडी. इथे मशीनच्या टाक्यांच्या यादीला काडीचा अर्थ नाही. गोधडीला एकच सरळ टाका लागतो. बघायची ती सुईपासून उजव्या खांबापर्यंतची जागा, म्हणजे हाताखालची पोकळी. डबल बेडची गोधडी मधोमध शिवताना अर्धी, म्हणजे 45 इंच रुंदी, गुंडाळून या पोकळीतून जावी लागते. साडी, मध्ये जुनी चादर किंवा पातळ पॉलिफिल (कृत्रिम तंतूंचा भराव), खाली साडी, असा थर सैलसर असताना सुमारे 5 मिलिमीटर जाड भरतो. 114 सेंटीमीटर लांबीचा हा थर अगदी घट्ट गुंडाळला तर साडेआठ सेंटीमीटर व्यासाची गुंडाळी होते. हाताने गुंडाळलेली तेवढी घट्ट कधीच बसत नाही, ती अकरापर्यंत फुगते. बहुतेक घरगुती मशीनची पोकळी 16-17 सेंटीमीटर रुंद असते आणि उंचीही अकरा-बाराच्या आसपास. म्हणजे गुंडाळी वर टेकते, बाजूला टेकते, आणि शिवणारीच्या हाताला वळवायला पाच सेंटीमीटर उरतात. कापड अडकतं, खालून कापड पुढे ओढणारे दाते जागच्या जागी फिरतात, टाके एकावर एक पडतात. लोक याला मशीनचा दोष समजतात. दोष जागेचा असतो.

कारखान्यातल्या, एका सुईने फक्त सरळ टाका घालणाऱ्या सिंगल नीडल लॉकस्टिच मशीनची (बाजारात जिला सरसकट 'ज्युकी मशीन' किंवा 'जॅक मशीन' म्हणतात, कंपनी कुठलीही असो) पोकळी दहा इंचांच्या आसपास असते. तीच अकरा सेंटीमीटरची गुंडाळी तिथे शिरल्यावर चौदा-पंधरा सेंटीमीटर मोकळे राहतात. फरक एवढ्यावरच संपत नाही. गुडघ्याने फूट (कापड वरून दाबून धरणारा भाग) उचलायची सोय असल्याने दोन्ही हात कापडावर राहतात, आणि गुडघ्याने फूट 13 मिलिमीटरपर्यंत उचललं जातं, हाताच्या लिव्हरने मात्र साडेपाचच.

गटासमोर आणखी दोन पर्याय आले. एकीच्या नात्यातल्या मुलीने न्यू जर्सीहून क्विल्टिंगचं मशीन आणायची तयारी दाखवली. तिकडे मिळणारी, साडेआठ इंच पोकळीची, फक्त सरळ टाक्याची मशीनं गोधडीला खरोखर उत्तम आहेत: दाते खाली पाडता येतात, वॉकिंग फूट (वरचं कापडही दात्यांबरोबर पुढे नेणारा) बसतो. पण ती 120 व्होल्टवर चालतात. इथे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, वॉरंटी लागू होत नाही, आणि कंट्रोल बोर्ड गेला तर तो बदलणारा माणूस जिल्ह्यात सापडत नाही. दुसरा पर्याय चामडं आणि सोफ्याच्या कामाचं कंपाउंड फीड मशीन. त्यात सुई, आतला फूट आणि खालचे दाते तिन्ही एकत्र पुढे जातात, त्यामुळे थर सरकतच नाहीत. टाका 9 मिलिमीटरपर्यंत लांब. मात्र किंमत साध्या लॉकस्टिचच्या दुपटीहून जास्त, आणि त्याचे दातेरी फूट विरलेल्या साडीवर वळ उठवतात. दहा-बारा फुटांच्या फ्रेमवर चालणाऱ्या लाँगआर्म मशीनचा विचार करण्याआधी खोलीचं माप घ्यावं, एवढंच.

साड्यांचा थर दुकानात नेऊन पाहणे

निर्णयाआधी गटाने एक चाचणी केली, आणि मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने ती करावी अशी आहे. घरच्याच साड्यांचे, आतल्या चादरीसकट, 20 सेंटीमीटर रुंद आणि 60 लांब असे चार थर-तुकडे कापून नेले. प्रत्येकावर वरच्या आणि खालच्या साडीवर 50 सेंटीमीटरची खूण पेनने समोरासमोर केली. टाका 4 मिलिमीटरवर ठेवून एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ शिवलं आणि शेवटी दोन्ही खुणा किती सरकल्या ते फुटपट्टीने मोजलं.

साध्या लॉकस्टिचवर वरचा थर खालच्यापेक्षा सुमारे 6 मिलिमीटर मागे राहिलेला निघाला. कारण साधं आहे: दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरच्या कापडावर फूट घासत त्याला मागे धरून ठेवतो. पन्नास सेंटीमीटरला 6 मिलिमीटर म्हणजे 100 इंचांच्या एका ओळीत तीन सेंटीमीटर. गोधडीच्या टोकाला चुण्या पडतात त्या याच तीन सेंटीमीटरच्या. मग फुटाच्या दाबाचा वरचा स्क्रू दोन-अडीच फेरे ढिला केला, स्टीलचा फूट काढून टेफ्लॉनचा लावला आणि तुकड्याला आधी कच्चे टाके घातले. सरकणं दोन मिलिमीटरवर आलं. एवढं कच्च्या टाक्यांच्या मदतीने सांभाळता येतं, म्हणून कंपाउंड फीडचे जादा पैसे वाचवायचं ठरलं.

कॉम्प्युटराइज्ड मशीनवरही हीच चाचणी झाली. तिथे वॉकिंग फूट बसवून सरकणं सर्वांत कमी आलं, हे मान्य करावं लागेल. पण तुकडा वीस सेंटीमीटरचा होता, गुंडाळी नव्हती. एक घरची गोधडी गुंडाळून सोबत नेली होती. ती हाताखाली शिरवून दाखवल्यावर दुकानदारही गप्प झाला.

शेवटी खरेदी दोन मशीनची झाली. डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय थेट मशीनला जोडलेली) मोटर असलेलं लॉकस्टिच, जाड कापडाच्या प्रकारातलं, टेबलसह. त्याला रकमेचा साधारण पाव हिस्सा लागला. उरलेल्यातला मोठा भाग फक्त एम्ब्रॉयडरी करणाऱ्या, 14 बाय 14 सेंटीमीटर हूपच्या घरगुती मशीनला. बाकी यूपीएस, सुया, दोरे आणि अक्षरांच्या फाइली करून घेण्याला राखून ठेवली. जुनी काळी मशीनं विकली नाहीत, आणि ते बरं केलं.

लॉकस्टिच निवडण्यामागे पोकळीइतकंच दुसरं कारण होतं: तालुक्याच्या गावात शाळेचे गणवेश शिवणारी युनिट आहेत, म्हणून या मशीनचा मेकॅनिक सायकलच्या अंतरावर आहे आणि हूक, दाते, बॉबिन केस त्याच्या पेटीतच असतात.

गोधडी : हाताची पद्धत मशीनवर उलटते

सगळ्यात मोठा घोळ पहिल्याच गोधडीत झाला आणि तो मशीनचा नव्हता. हाताने गोधडी शिवताना कडेने सुरुवात करतात आणि चौकोनात फिरत आत येतात. हाताच्या टाक्यात प्रत्येक वेळी कापड तळहाताने सपाट करून सुई घातली जाते, त्यामुळे कापड पुढे ढकललं जात नाही. मशीन ढकलतं. कडेने सुरू केलं की सगळा सैलपणा मधोमध गोळा होतो आणि शेवटच्या चौकोनात झोळ उरतो. तो इस्त्रीने बसत नाही, उसवावंच लागतं. मशीनवर मधून कडेकडे जायचं.

गटात आता बसलेली रीत अशी. गोधडी जमिनीवर ताणून, खालच्या थराच्या कडा चिकटपट्टीने फरशीला धरून ठेवतात. वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके, उभे आणि आडवे दोन्ही. आधी मधली ओळ. मग उजव्या अर्ध्यातल्या ओळी दोन-दोन इंचांवर, सगळ्या एकाच दिशेने. एक वरून खाली आणि पुढची खालून वर शिवली तर दोन ओळींमध्ये तिरप्या चुण्या पडतात. उजवा अर्धा संपला की गोधडी पूर्ण फिरवायची आणि दुसरा अर्धा तसाच मधून कडेला. फिरवल्यामुळे हाताखाली कधीच अर्ध्यापेक्षा जास्त गुंडाळी येत नाही.

दोन इंचांच्या अंतराने 90 इंचांत पंचेचाळीस ओळी, प्रत्येकी 100 इंच. एकूण सुमारे 114 मीटर शिलाई. वरचा आणि खालचा मिळून दोरा तीनशे मीटरच्या वर लागतो, म्हणून चार बॉबिन आधीच भरून ठेवतात. 4 मिलिमीटरच्या टाक्याने हे अठ्ठावीस हजारांवर टाके होतात. मिनिटाला 1,200 धरले तर मशीन प्रत्यक्ष चालते ती पंचवीस मिनिटंसुद्धा नाहीत. बाकी सगळा वेळ गुंडाळण्यात, सरकवण्यात आणि सपाट करण्यात जातो. अख्ख्या गोधडीला तीन-चार तास धरावेत. या आकड्यांमुळेच मिनिटाला पाच हजार टाक्यांच्या जाहिरातीला भुलू नये. मोटरच्या कंट्रोल बॉक्सवर कमाल वेग 1,500 वर बांधून ठेवला आहे.

सुई 16 किंवा 18 नंबरची. 14 नंबर पातळ कापडाला ठीक, पण चार-पाच थरांत ती वाकते, हुकाला दोऱ्याचा फास मिळत नाही आणि टाके सुटतात. लॉकस्टिचची गोल मुठीची डीबी सुई आणि घरगुती मशीनची एका बाजूने चपटी मूठ असलेली सुई एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दोन्हीचे डबे वेगळ्या फळ्यांवर ठेवले आहेत. टाका साडेतीनच्या खाली नेऊ नये. अडीचच्या टाक्याने जुन्या साडीला भोकांची रांग पडते आणि पहिल्याच धुण्यात ती पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते.

जरीचा काठ शिवणीत आला की सुई मोडते, किंवा त्याहून वाईट, टोक बोथट होतं आणि पुढची दोन मीटर शिलाई धागे ओढत जाते. म्हणून काठ आधीच उसवून वेगळे काढतात आणि गोधडी झाल्यावर कडेला पट्टी म्हणून काळ्या मशीनवर हळूहळू लावतात. साडी उजेडासमोर धरून जिथे विरलेली दिसते तो भाग आणि घडीची रेघ टाळतात. नायलॉन किंवा जॉर्जेट असेल तर मागे मांजरपाट जोडून मग थर लावतात. मांजरपाट दोनदा धुऊन, खळ काढूनच. नवा कोरा वापरला तर पहिल्या धुण्यात तोच आटतो आणि साडीला सुरकुत्या पाडतो.

टेबलाकडे दुर्लक्ष केलं तर हे सगळं व्यर्थ. गोधडीचं लोंबतं वजन कापड मागे ओढतं, टाके आखूड होतात आणि सुई तिच्याखालच्या धातूच्या ताटावर आपटते. मशीनच्या डावीकडे आणि मागे त्याच उंचीची बाकं लावल्यावर सुया मोडणं निम्म्याहून कमी झालं. या प्रकारच्या मशीनला तेलाची टाकी असते आणि ते कोरडं येतं. वरच्या खुणेपर्यंत पांढरं मशीन ऑइल भरून आधी तासभर चिंध्यांवर चालवावं. पहिले काही दिवस सुईच्या दांडीतून थेंब येतो, आणि पांढऱ्या साडीवरचा तेलाचा डाग ग्राहकाला समजावून सांगता येत नाही.

नाव भरणे : देवनागरीची अडचण

एम्ब्रॉयडरी मशीन घेताना हूप हीच खरी कसोटी. 10 बाय 10 सेंटीमीटरचं मशीन स्वस्त पडतं, पण 'ज्ञानेश्वरी' 25 मिलिमीटर उंचीत लिहिलं की मात्रा-वेलांटीसकट ते दहात मावत नाही. दोनदा हूप लावून जुळवणं म्हणजे डोकेदुखी. 14 मध्ये बहुतेक मराठी नावं बसतात. 20 बाय 28 चा हूप छानच, पण त्याचे जादा पैसे गटाला नावांतून परत मिळणार नव्हते.

मशीनमध्ये येणारी अक्षरं सहसा रोमनच असतात. देवनागरी फाइल डिजिटायझरकडून (अक्षरांची टाक्यांची फाइल बनवणाऱ्याकडून) करून घ्यावी लागते, आणि तिथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: अक्षरं सुटी करून जोडू नका. सुट्या अक्षरांची फाइल केली तर शिरोरेघ प्रत्येक अक्षराच्या सांध्याला तुटलेली किंवा दुहेरी जाड दिसते, कारण कापड टाक्यांनी ओढलं जातं आणि दोन तुकडे जागेवर भेटत नाहीत. पूर्ण नाव एकत्र घेऊन, आधी अक्षरांचे देह आणि शेवटी एकसंध शिरोरेघ, अशी फाइल लागते. सॅटिनची (शेजारी-शेजारी दाट आडव्या टाक्यांची) पट्टी एक मिलिमीटरहून बारीक नको, नाहीतर कापडात बुडते. सात मिलिमीटरहून रुंदही नको, बाळाच्या नखात अडकते. देवनागरीत अनुस्वाराचा टिंब बारीक असल्याने तोच आधी बिघडतो, तो मुद्दाम दीड-दोन मिलिमीटरचा ठेवायला सांगतात. फाइलचा प्रकार मशीनप्रमाणे: जॅनोमला जेईएफ, ब्रदरला पीईएस. डीएसटी बहुतेक ठिकाणी चालते, पण तिच्यात रंगांची माहिती नसते, म्हणून क्रम कागदावर लिहून घ्यावा लागतो.

गटाने एकदा तयार गोधडी हूपमध्ये दाबून नाव भरून पाहिलं. जाड थर हूपमधून मध्येच निसटला, 'म'ची काठी शिरोरेघेपासून तीन मिलिमीटर दूर पडली. आता नाव आधी, थर नंतर. दुपट्याची वरची बाजू चहूकडून दोन इंच जास्त ठेवून कापतात, मागे बॅकिंग पेपर लावून एकेरी कापडावर नाव भरतात, मग मापात कापतात; भरल्यानंतर कापड काही मिलिमीटर आखडतं, त्यामुळे आधी मापात कापणं चुकीचं. बॅकिंग आत थरात झाकलं जातं, बाळाच्या अंगाला टोचत नाही. आठवणीच्या साडीवर मात्र थेट भरतच नाहीत. दाट टाक्यांनी जुनं कापड चाळणी होतं. धुतलेल्या पॉपलिनच्या तुकड्यावर नाव भरून तो तुकडा साडीवर शिवतात. सुई 11 नंबरची एम्ब्रॉयडरीची, वर 40 नंबरचा पॉलिएस्टर चमकदार दोरा, खाली बॉबिनचा बारीक पांढरा. वरच्या बाजूला पांढरा दोरा डोकावला तर वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) ढिलं करायचं. खाली दोऱ्याचं जाळं झालं तर आधी टेन्शनला हात न लावता दोरा पुन्हा ओवायचा, फूट वर असताना. फूट खाली ठेवून ओवला की दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसतच नाही, आणि दहापैकी नऊ जाळी त्यातूनच होतात.

वीज हा राहिलेला विषय. एम्ब्रॉयडरी मशीन थोडीच वीज खातं, कॉम्प्युटरचा साधा 600 व्हीएचा यूपीएस नावाचा एक रंग पूर्ण होईपर्यंत सहज तगतो. लॉकस्टिचच्या 550 वॅटच्या मोटरला त्यावर लावू नये. तिचं काम वीज गेली तरी बिघडत नाही, टाका जिथे थांबला तिथून पुढे जातो. भरतकामात मात्र मशीन जागा विसरलं तर टाक्यांचा आकडा शोधत पुढे न्यावं लागतं. खरेदीआधी दुकानात भरतकाम चालू असताना प्लग ओढून, परत लावून, मशीन त्याच टाक्यावरून सुरू होतं का ते पाहावं. दुकानदार कुरकुरतो. पाहावंच.

सध्या दुपटी पूर्णपणे दोन मशीनवर होतात. डबल बेडच्या गोधड्यांत रेशमी आणि फार विरलेल्या साड्या असतील तर गट त्या अजूनही हातानेच घेतो आणि दर वेगळा लावतो. मागणी अशीच राहिली तर पुढची खरेदी नीडल फीड लॉकस्टिचची करायचा विचार आहे: त्यात सुई दात्यांबरोबर पुढे सरकते, थर सरकणं जवळजवळ थांबतं, आणि सुया त्याच तालुक्याच्या दुकानात मिळतात. तोवर कच्चे टाके घालणाऱ्या दोघींचं काम सुटणार नाही.